'कंजेक्चर'ला मराठीत काय म्हणावं? अनुमान, तर्क, अंदाज की अटकळ?

पानोपानी

नमस्कार मंडळी.

गणितावरच्या एका इंग्रजी पुस्तकाचा मराठी अनुवाद करते आहे. पुस्तक सामान्य वाचकांसाठी आहे, सूत्रं कमी आणि गोष्टी जास्त. बरंचसं काम झालंय, पण एका शब्दापाशी घोडं अडलंय. तो शब्द म्हणजे कंजेक्चर.

पहिल्या खर्ड्यात मी सगळीकडे 'अनुमान' लिहून टाकलं होतं. परवा संपादिकाबाईंकडून दोन प्रकरणं परत आली. त्यात हे वाक्य होतं:

'१७४२ साली गोल्डबाखने असे अनुमान काढले, की २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या ही दोन मूळ संख्यांची बेरीज असते.'

'अनुमान काढले' आणि 'असते' या दोन्हींखाली लाल रेघ, आणि समासात एकच प्रश्न: 'हे सिद्ध झालंय का?'

झालेलं नाही. पुस्तकात पुढे तसं स्पष्ट म्हटलंय. पण माझं वाक्य वाचून कुणालाही सिद्ध झालंय असंच वाटेल, हे बाईंचं म्हणणं मला पटलं. तेव्हापासून कोश चाळते आहे. अंदाज, अटकळ, तर्क, कयास, अनुमान, आडाखा असे शब्द मिळतात. पण गेस, सर्माइज, एस्टिमेट, स्पेक्युलेशन या सगळ्यांपुढेही फिरून तेच शब्द दिसतात. मग कंजेक्चरचं वेगळेपण कशात? आणि ते मराठीत कसं आणायचं?

उच्चाराबद्दलही कुणी सांगावं. मी आजवर पहिल्या अक्षरावर जोर देत आले.

त्रिज्या

उच्चाराचं आधी सांगतो. जोर दुसऱ्या अक्षरावर, कन्-जेक्-चर. नाम आणि क्रियापद दोन्ही हेच, उच्चारही तोच. विशेषण कंजेक्चरल.

आता अर्थ. गणित शिकवतो म्हणून गणितापुरतं बोलतो. कंजेक्चर म्हणजे खरं वाटणारं, खरं वाटायला सबळ कारणं असलेलं, पण अजून सिद्ध न झालेलं विधान. तिन्ही गोष्टी लागतात. कारणं नसतील तर तो नुसता गेस. सिद्धता मिळाली की ते प्रमेय होतं आणि खोटं ठरवणारं एक उदाहरण सापडलं की संपतं.

गोल्डबाखचंच घ्या. २८ = ५ + २३. तेच ११ + १७ असंही होतं. १०० = ३ + ९७. घ्याल ती सम संख्या अशी फुटते. संगणकाने ४ वर अठरा शून्यं इतक्या मोठ्या संख्येपर्यंत तपासून झालंय, एकही अपवाद नाही. तरीही नाव कंजेक्चरच. दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात इतका पुरावा मिळाला असता तर लोकांनी कधीच नियम म्हणून घोषित केलं असतं.

गंमत बघा. गोल्डबाखचं पत्र ७ जून १७४२ चं, ऑयलरला लिहिलेलं. त्यातली मांडणी थोडी वेगळी होती. सम संख्या आणि दोन मूळ संख्या हे रूप ऑयलरच्या ३० जूनच्या उत्तरात येतं. तिथे ऑयलर म्हणतो, की हे अगदी खात्रीचं प्रमेय आहे असं मी समजतो, जरी मला ते सिद्ध करता येत नसलं तरी. ऑयलरसारख्या माणसाची खात्री, आणि तरी पावणेतीनशेहून जास्त वर्षं ते प्रमेय झालेलं नाही.

आणि याच ऑयलरने १७६९ मध्ये आणखी एक कंजेक्चर मांडलं होतं. पाचव्या घातापुरतं त्याचं म्हणणं असं, की काही पूर्ण संख्यांच्या पाचव्या घातांची बेरीज करून दुसऱ्या एका संख्येचा पाचवा घात मिळवायचा असेल, तर निदान पाच संख्या घ्याव्याच लागतात, चारांत भागत नाही. जवळजवळ दोनशे वर्षं कुणाला ते खोडता आलं नाही. १९६६ मध्ये लँडर आणि पार्किन यांनी संगणक लावून शोध घेतला आणि हे सापडलं:

२७, ८४, ११० आणि १३३ यांचे पाचवे घात मिळवा. बेरीज ६१,९१,७३,६४,२२४ येते. तोच १४४ चा पाचवा घात.

मी दरवर्षी मुलांना हा गुणाकार कागदावर करायला लावतो. शेवटचा आकडा जुळतो तेव्हा वर्गात जी शांतता होते ती ऐकण्यासारखी असते. लँडर-पार्किनचा तो शोधनिबंध फक्त दोन वाक्यांचा होता. दोन वाक्यांत ऑयलरचं कंजेक्चर संपलं.

उंबरठा

त्रिज्या सर, सुरेख प्रतिसाद. पण मग सरळ 'कंजेक्चर'च का लिहू नये? ऑक्सिजन लिहितो, व्हायरस लिहितो, तसंच हे. पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ सांगायचा, पुढे वाचकाला सवय होते. मराठी शब्द शोधायला गेलं की प्रत्येकाला जुनाच अर्थ चिकटलेला सापडतो, आणि वाचक तोच डोक्यात घेऊन पुढे जातो. अनुमानाच्या बाबतीत नेमकं तेच झालंय.

मुळाक्षर

उंबरठा, शेवटचं वाक्य अगदी बरोबर. 'अनुमान' इथे का चुकतं ते जरा विस्ताराने लिहितो, कारण ही चूक फार ठिकाणी दिसते.

न्यायदर्शनात प्रमाणं चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. प्रमाण म्हणजे खरं ज्ञान मिळवण्याचं साधन. डोंगरावर धूर दिसतो. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती आपल्याला आधीच माहीत आहे. म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे अनुमान. 'अग्नी असेल बहुधा' असं नैयायिक म्हणत नाही, तो 'आहे' म्हणतो. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन अशा पाच पायऱ्यांनी ते दुसऱ्यालाही पटवून देता येतं. म्हणजे अनुमान इंग्रजीतल्या इन्फरन्सच्या जवळचं. संख्याशास्त्राच्या मराठी पुस्तकांतही इन्फरन्सलाच अनुमान म्हणतात. कंजेक्चरला हाच शब्द दिला, तर जे अजून ज्ञान झालेलंच नाही त्याला आपण प्रमाणाच्या पंक्तीत बसवतो.

'तर्का'ची कथा याच्या उलट. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात अयथार्थ अनुभवाचे तीन प्रकार सांगितलेत: संशय, विपर्यय आणि तर्क. तिथे तर्क म्हणजे 'अग्नी नसता तर धूरही नसता' या जातीचा युक्तिवाद. तो अनुमानाला हातभार लावतो, पण स्वतः प्रमाण नाही. दर्जा म्हणून हा शब्द कंजेक्चरला जास्त जवळचा. अडचण अशी, की आजच्या मराठीत 'तर्कशुद्ध', 'तर्कशास्त्र', 'तर्कट' या सगळ्यांनी तो व्यापून टाकलाय. 'गोल्डबाखचा तर्क' म्हटलं की वाचक विचारणार, कोणता युक्तिवाद?

म्हणून माझं मत 'अटकळ'.

चांदणवेल

अटकळ शब्द मला फार आवडतो, पण त्यात जरा ठोकून दिल्याचा भाव नाही का? 'अटकळपंचे दाहोदरसे' म्हणतात ना!

पानोपानी

चांदणवेल, हे मी पहिल्यांदाच ऐकते आहे. काय अर्थ?

चांदणवेल

पाढ्यांतून आलेलं आहे. बावीसच्या पाढ्यात 'बावीस पंचे दाहोदरसे' येतं, दाहोदरसे म्हणजे ११०. त्यातला बावीस काढून तिथे अटकळ बसवली. म्हणजे पाढा पाठ नाही, पण चालीवर काहीतरी दडपून दिलं. अंदाजपंचे म्हणतात तेच. माझी आजी हिशेब न मांडता कुणी आकडा सांगितला की हे म्हणायची, आणि मग कागद-पेन्सिल पुढ्यात ठेवायची.

नोंदवही

'अटकळपंचे'त टीका आहे ती अटकळीवर नाही, तिला पाढ्याच्या जागी बसवण्यावर आहे. जे पाठ असायला हवं तिथे अटकळ चालत नाही. पण जे कुणालाच ठाऊक नाही तिथे 'अटकळ बांधतात'. हे क्रियापद बघा. अंदाज करतात, तर्क करतात किंवा लढवतात, अनुमान काढतात, अटकळ मात्र बांधतात. कयासही बांधतात, आडाखेही बांधतात. बांधायचं म्हणजे हाताशी काहीतरी सामान हवं. अनुमान 'काढतात' कारण ते आधीपासून आत असतं, फक्त बाहेर आणायचं असतं. पानोपानी ताई, तुमच्या संपादिकांनी 'काढले'खाली रेघ मारली ती मला म्हणून फार मार्मिक वाटली.

आता इंग्रजी शब्दांतला फरक. मी भाषांतर शिकवते, वर्गात जसं सांगते तसं लिहिते.

गेस सगळ्यांत मोकळा शब्द. आधार असो-नसो, गेस करता येतो. चार पर्यायांतला एक डोळे मिटून निवडला तरी तो गेसच. बोलण्यात तर 'आय गेस' नुसतं वाक्याची धार कमी करतं. हे अमेरिकन लोकांचं फॅड आहे असं पुष्कळांना वाटतं, पण चौदाव्या शतकात चॉसरने कँटरबरी टेल्समध्ये तरुण सरदारपुत्राचं वय सांगताना लिहिलंय, की तो वीसेक वर्षांचा होता, 'आय गेस'. मराठीत याला नाम शोधूच नये. 'बहुतेक', 'वाटतं', 'असेल' एवढ्यात काम होतं. 'आय गेस वी शुड लीव्ह' म्हणजे 'निघायला हवं बहुतेक'. 'मी अंदाज करतो की आपण निघावे' असं लिहिणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात.

एस्टिमेट मोजमापाचा, तिथे अंदाज चपखल. गेस आणि एस्टिमेट जोडून 'गेस्टिमेट' असाही शब्द १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत रूढ झाला. आकडा तर हवा, पण त्यामागची माहिती अपुरी, अशा वेळचा.

सर्माइजला आधार थोडासाच, कल मनाचा जास्त. स्पेक्युलेशनमध्ये आधारापेक्षा कल्पनेची धाव मोठी. अझ्यूम तर या कुटुंबातलाच नाही. ते गृहीत धरणं, पुढे जाता यावं म्हणून. हायपॉथिसिसचं बूड प्रयोगात असतं, ते तपासण्यासाठीच मांडतात.

कंजेक्चर लेखी, विचारपूर्वक आणि जाहीर. सहसा मनातल्या मनात कुणी कंजेक्चर करत नाही, ते मांडलं जातं. पण एक सांभाळा. 'प्युअर कंजेक्चर' किंवा 'मियर कंजेक्चर' आलं की पारडं पालटतं, तिथे अर्थ 'निव्वळ तर्कवितर्क'. 'अ मॅटर ऑफ कंजेक्चर' म्हणजे 'नक्की कुणालाच सांगता येणार नाही'. तिथे अटकळ हा शब्द न घातलेलाच बरा.

साक्षीपुरावा

नोंदवही यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. मी न्यायालयीन कागदपत्रांचं भाषांतर करतो. आमच्याकडे हा शब्द एकटा फारसा येत नाही, 'सर्माइजेस अँड कंजेक्चर्स' अशी जोडीच येते, आणि नेहमी दोषारोप म्हणून. खालच्या न्यायालयाचा निष्कर्ष पुराव्यावर नाही, सर्माइजेस अँड कंजेक्चर्सवर उभा आहे, असं अपिलात म्हणतात. मी 'केवळ तर्क व अटकळी' असं करतो. गणितात कंजेक्चरला नाव देऊन मिरवतात आणि कोर्टात तोच शब्द निकाल उलटवायला पुरतो, हे या धाग्यामुळे प्रथमच लक्षात आलं.

सर्माइजचा जुना अर्थ आरोप ठेवणे असा होता. फ्रेंचमधून आला तेव्हा 'एखाद्यावर घालणे' हाच भाव. म्हणून मला त्याच्यासाठी आपला 'वहीम' जवळचा वाटतो, निदान संशयाची छटा असेल तिथे.

दौतटाक

व्युत्पत्तीचा विषय निघालाय तर राहवत नाही.

कंजेक्चर लॅटिनमधून आलं. 'कोन्' म्हणजे एकत्र आणि 'याकेरे' म्हणजे फेकणे. सुटेसुटे तुकडे एकत्र टाकून त्यांतून काय दिसतं ते बघणं. प्रोजेक्ट, रिजेक्ट, इंजेक्शन यांतला 'जेक्ट' तोच. लॅटिनमध्ये 'कंजेक्टर' म्हणजे स्वप्नांचा अर्थ सांगणारा. इंग्रजीतही सुरुवातीला कंजेक्चरला शकुनांचा अर्थ लावणं असा अर्थ होता.

आता आपला 'अंदाज'. फारसीत 'अंदाख्तन' म्हणजे फेकणे, आणि 'अंदाज' हे त्याच क्रियापदाचं रूप. तीर फेकणारा तीरंदाज, गोळा फेकणारा गोलंदाज. याच धातूला जुन्या फारसीत मापणं, बेत करणं असेही अर्थ होते. म्हणजे क्रिकेटचा गोलंदाज आणि पावसाचा अंदाज एकाच घरातले.

ग्रीकांकडे जा. 'स्टोखोस' म्हणजे लक्ष्य, निशाण. त्यावरून नेम धरणं, आणि त्यावरून अंदाज करणं. आजच्या गणितातला 'स्टोकॅस्टिक' तिथून आला. याकोब बेर्नुली वारला १७०५ मध्ये, आणि १७१३ मध्ये त्याचा संभाव्यतेवरचा ग्रंथ निघाला, त्याचं लॅटिन नाव 'आर्स कंजेक्टांडी', अटकळ बांधण्याची कला.

तीन वेगळ्या भाषा, आणि तिन्हींत माणूस काहीतरी फेकतो किंवा नेम धरतो. मराठीतही आपण 'खडा टाकून बघतो'. हे सगळं एकाच ठिकाणाहून पसरलं असं मी म्हणत नाही. पण अंधारात काय आहे ते कळत नसेल तर माणूस पहिल्यांदा तिकडे एक दगड टाकतो आणि आवाज ऐकतो, ही गोष्ट सगळ्यांच्याच हाताला ठाऊक होती.

'होरा' राहिला. 'माझा होरा खरा ठरला' यातला. हा ज्योतिषातून आलेला. वराहमिहिराने बृहज्जातकात काहींचं मत म्हणून 'अहोरात्र'मधलं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळून 'होरा' अशी फोड दिलीय, अभ्यासक मात्र तो ग्रीक 'होरा'वरून, म्हणजे तासावरून, आल्याचं मानतात. कंजेक्टर स्वप्नं वाचायचा, आपले लोक होरा बघायचे.

मुळाक्षर

दौतटाक, गोलंदाज आणि अंदाज! आयुष्यभर दोन्ही शब्द वापरले आणि कधी शेजारी ठेवून पाहिले नाहीत.

नोंदवही

ताईंच्या वाक्यातली दुसरी रेघ राहूनच गेली. 'असते'खालची. माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची आहे.

मराठीत अटकळ नामात नसते, क्रियापदात असते. हे बघा:

तो आला असेल.
तो आला असावा.
तो आला असणार.

तिन्हींचं इंग्रजी करताना घाम फुटतो. 'आला असेल'मध्ये शक्यता आहे, आधार असेलच असं नाही. 'आला असावा' म्हणजे काहीतरी खूण दिसली आहे: दार नुसतंच लोटलेलं आहे, आतला दिवा लागलाय. 'आला असणार' म्हणजे बोलणाऱ्याची खात्री आहे, फक्त डोळ्यांनी पाहिलेलं नाही. तीन पायऱ्या, आणि त्यासाठी एकही नाम लागलं नाही. यातली मधली पायरी म्हणजे कंजेक्चर. शाळेत व्याकरणात 'विध्यर्थ' म्हणून शिकवतात आणि कर्तव्य, शक्यता, इच्छा, तर्क असे अर्थ पाठ करून घेतात, पण हे हत्यार किती बारीक कापतं ते कुणी दाखवत नाही.

म्हणून इतिहासाच्या पुस्तकात 'इट इज कंजेक्चर्ड दॅट द टेक्स्ट वॉज रिटन लेटर' आलं, तर 'हा मजकूर नंतर लिहिला गेला असावा' एवढंच लिहावं. अटकळ, अंदाज, कयास काहीही नको. आणि गोल्डबाखच्या वाक्यात नाम कुठलंही घाला, शेवटी 'असते' ठेवलं तर व्याकरणाने ते सिद्ध करून टाकलेलं असतं. तिथे 'असावी' हवं.

त्रिज्या

नोंदवही यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. इतिहासाच्या वाक्याबद्दल शंभर टक्के सहमत. गणिताच्या वाक्याबद्दल मात्र थांबा.

गणिताच्या मराठीत 'असावी' ही अट असते. 'क ही मूळ संख्या असावी' म्हणजे क मूळ असली पाहिजे, नाहीतर उदाहरण सुटणार नाही. आता 'प्रत्येक सम संख्या ही दोन मूळ संख्यांची बेरीज असावी' असं लिहिलंत, तर माझा विद्यार्थी ते फर्मान म्हणून वाचेल. विध्यर्थाचे जे चार अर्थ तुम्ही सांगितलेत, त्यातला कर्तव्याचा अर्थ आमच्याकडे पुढे येतो.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. कंजेक्चरचं विधान स्वतः डळमळीत नसतं. ते प्रमेयाइतकंच ठाम असतं: प्रत्येक सम संख्या, एकही सुटत नाही. संशय विधानात नाही, त्याच्या दर्जात आहे. विधान ठाम असतं म्हणूनच एका उदाहरणाने ते पडतं. पोल्याचं कंजेक्चर घ्या, १९१९ मधलं. कुठल्याही मर्यादेपर्यंतच्या संख्या घ्या, त्यांतल्या निदान निम्म्यांना विषम संख्येइतके मूळ अवयव असतात, असं ते विधान. लहान संख्यांवर तपासा, बरोबर. लाखापर्यंत जा, बरोबर. कोटीपर्यंत जा, तरी बरोबर. ते प्रथम मोडतं ९०,६१,५०,२५७ या संख्येपाशी. पोल्याने 'बहुधा असे असावे' असं सैल काही म्हटलं असतं, तर ही संख्या सापडूनही काही बिघडलं नसतं. ठाम बोलला म्हणून चूक ठरू शकला, आणि गणिताला त्याचाच उपयोग झाला.

तेव्हा आत 'असते' राहू द्या. बाहेर मात्र 'अटकळ' लख्ख दिसली पाहिजे.

नोंदवही

हे मला सुचलं नव्हतं. मान्य. म्हणजे कथनात संशय क्रियापदात घालायचा, आणि गणितात विधानाच्या चौकटीबाहेर ठेवायचा. माझ्या वर्गाच्या टिपणात आजच दुरुस्ती करते.

उंबरठा

मग फेर्माचं काय म्हणायचं? त्याला तर सिद्धता मिळायच्या आधीपासून 'फेर्माज लास्ट थिअरम' म्हणत होते.

त्रिज्या

चांगला प्रश्न. फेर्माने समासात लिहून ठेवलं, की माझ्याकडे याची सुंदर सिद्धता आहे, पण ती मावण्याएवढी इथे जागा नाही. त्याच्या शब्दावर प्रमेय हे नाव चिकटलं. वाइल्सची सिद्धता १९९५ मध्ये छापली गेली, तोवर खरं तर ते कंजेक्चरच होतं. मराठीत 'फेर्माचे अखेरचे प्रमेय' रूढ आहे, तेच ठेवावं.

पण फेर्माच्या शब्दावर किती विसंबायचं याचं एक उदाहरण देतो. २ चा दुसरा, चौथा, आठवा, सोळावा असा घात घेऊन त्यात १ मिळवला की मूळ संख्याच मिळते, असं त्याला वाटत होतं. ५, १७, २५७, ६५,५३७ या मूळच आहेत. पुढची येते ४,२९,४९,६७,२९७. ऑयलरने १७३२ मध्ये दाखवलं, की तिला ६४१ ने भाग जातो. पुन्हा ऑयलरच!

आणि उलट बाजूही सांगितली पाहिजे. रामानुजनने १९१६ मध्ये 'टाऊ' फलनाबद्दल मांडलेल्या अटकळींपैकी सर्वांत अवघड अटकळ डेलिन्यच्या १९७४ च्या शोधनिबंधात सिद्ध झाली. अठ्ठावन्न वर्षांत तिच्यापायी गणितात किती नवं काम उभं राहिलं! तिला 'ठोकून दिलेलं' कोण म्हणेल?

चांदणवेल

माझी शंका मी मागे घेते. आणि एक भर घालते, कारण माझा विषय पोथ्यांचा आहे.

आमच्याकडेही कंजेक्चर आहे, 'कंजेक्चरल एमेंडेशन'. एकाही हस्तलिखितात नसलेला, पण मुळात असाच असला पाहिजे असं संपादकाला वाटणारा पाठ संहितेत घालणं. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, १९१९ ते १९६६. तिचे प्रमुख संपादक सुखठणकर यांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत स्पष्ट केलंय, की पाठ सुधारण्यापेक्षा आहे त्या पाठाचा अर्थ लावण्याला त्यांनी प्राधान्य दिलं. अशा दुरुस्त्या म्हणून फार थोड्या आहेत.

पण मला त्या आवृत्तीतली जी गोष्ट सर्वांत प्रिय आहे ती एक रेघ आहे. जिथे स्वीकारलेल्या पाठाबद्दल पुरेशी खात्री नाही, तिथे त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ छापली आहे. कधी एका शब्दाखाली, कधी दोनच अक्षरांखाली. श्लोक वाचता वाचता डोळा तिथे पोचतो आणि कळतं, की इथे संपादक स्वतः थांबले होते. मजकूर तुटत नाही, वाचणं अडत नाही, आणि कुणी खोटी खात्रीही देत नाही. पहिल्यांदा ती रेघ काय आहे ते कळलं तेव्हा मी मागे जाऊन पुन्हा पान एकपासून वाचायला घेतलं होतं.

साक्षीपुरावा

ही रेघ आमच्या निकालपत्रांनाही हवी होती.

पानोपानी

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस रोज रात्री हा धागा उघडून वाचते आहे.

आज दोन्ही प्रकरणं पुन्हा केली. ठरवलंय ते असं. गणिती अर्थाने येईल तिथे सगळीकडे 'अटकळ', आणि 'अटकळ मांडली'. 'बांधली' सुंदर आहे, पण मांडण्यात ती चारचौघांपुढे ठेवल्याचा भाव येतो, तो मला हवा आहे. पहिल्यांदा येते तिथे एका वाक्यात त्रिज्या सरांच्या तिन्ही गोष्टी सांगितल्या आहेत: खरी वाटणारी, कारणं असलेली, सिद्ध न झालेली. उंबरठा, तुमच्या म्हणण्याप्रमाणे त्याच वाक्यात 'इंग्रजीत कंजेक्चर' असंही येऊ दिलंय, पुढे वाचकाला इंग्रजी पुस्तक उघडावंसं वाटलं तर खूण राहील. पुस्तकात नऊ ठिकाणी हा शब्द गणिताबाहेरच्या अर्थाने आला होता. त्यातल्या आठ ठिकाणी नाम काढून 'असावा', 'असावी' केलं आणि वाक्यं एकदम मराठी झाली.

गोल्डबाखचं वाक्य आता असं आहे:

'१७४२ साली गोल्डबाख आणि ऑयलर यांच्या पत्रांतून एक अटकळ मांडली गेली: २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या ही दोन मूळ संख्यांची बेरीज असते. ती अजून सिद्ध झालेली नाही.'

नववं ठिकाण अडलंय. मूळ वाक्यात लेखक म्हणतो, की त्या रात्री तो गणिती काय विचार करत होता हे 'कंजेक्चर'च करावं लागेल. 'असावा' बसत नाही, कारण पुढे काही सांगितलेलंच नाही.

नोंदवही

'त्या रात्री त्याच्या मनात काय चाललं होतं, कोण जाणे.'

पानोपानी

घेतलं.